भिंतीतला तुटका आटा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



घरातली तोटी गळायला लागली की आपण आधी तिच्याखाली बादली ठेवतो, मग ती रोज थोडी जास्त जोरात पिळायला लागतो, आणि एका रविवारी नवी तोटी आणून घरच्या घरी बदलू म्हणतो. बदलणं खरंच सोपं आहे. जुनी डावीकडे फिरवून काढायची, नवीला टेफलॉन टेप गुंडाळायची, उजवीकडे फिरवून बसवायची. दहा मिनिटांचं काम. पण कधीकधी जुनी तोटी फिरवताना 'कट्' असा आवाज होतो. तोटी हातात येते आणि तिची आट्यांची मान भिंतीतच राहते. आता भिंतीत एक गोल भोक, त्याच्या आत घट्ट बसलेलं पितळेचं नाहीतर लोखंडाचं एक कडं, आणि पकडीनं धरायला काहीही नाही. आज मी बोलणार आहे ते या कड्याबद्दल.

मी आयटीआयमध्ये, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, बरीच वर्षं फिटर आणि प्लंबरच्या मुलांना शिकवलं. प्लंबरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा. त्या वर्षात मुलं पाईप कापायला, आटे पाडायला, जोड द्यायला शिकतात. पण बाहेर पडल्यावर त्यांना पहिल्या महिन्यातच भेटतं ते हे तुटकं कडं, कारण लोक मिस्त्रीला बोलावतात ते काहीतरी तुटल्यावरच. आणि ते कडं नीट निघालं तर पाऊण तासात काम संपतं. नाही निघालं तर फरशी फुटते, भिंत खणावी लागते, आणि जुन्या इमारतीत एकाच उभ्या पाईपवर चार बिऱ्हाडं असली तर चौघांचं पाणी दिवसभर बंद राहतं. तीस वर्षांपूर्वी बसवलेल्या फिकट निळ्या टाईल आज कुठल्या दुकानात मिळतात? म्हणजे एक टाईल फुटली की कुणीतरी म्हणणार, आता सगळं बाथरूमच करून घेऊ.

आधी हे तुटतं का ते पाहू. आपल्याकडच्या जुन्या घरांत भिंतीतले पाईप जी.आय.चे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे. आपण त्याला अर्ध्या इंची पाईप म्हणतो, पण त्यात अर्धा इंच कुठेच नसतो, ही एक गंमत आहे. बाहेरून तो एकवीस मिलिमीटरच्या थोडा वर भरतो आणि मध्यम दर्जाचा, निळ्या पट्ट्याचा पाईप आतून सोळा मिलिमीटर. देशात मेट्रिक मापं येऊन पिढ्या झाल्या, तरी नळाचे आटे अजून इंचातच मोजले जातात. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली सगळ्या कारखान्यांचे आटे एकाच मापाचे असावेत अशी सूचना मांडली, त्यांच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा होता, आणि आपल्या न्हाणीघरातल्या नळाचा आटा आजही त्याच ५५ अंशांचा असतो. अर्ध्या इंची नळाला इंचाला १४ आटे. त्यामुळे कुठल्याही गावातली तोटी कुठल्याही गावातल्या भिंतीत बसते. केवढी सोय!

आता या पाईपच्या भिंतीची जाडी आहे २.६ मिलिमीटर, आणि आट्याची खोली साधारण १.१६ मिलिमीटर. म्हणजे जिथे आटे पाडले तिथे दीड मिलिमीटरपेक्षाही कमी धातू उरला. शिवाय आटे पाडताना जस्ताचा थर कापला गेला, आणि पोलाद तिथे उघडं पडलं. म्हणजे सबंध पाईपमध्ये सगळ्यात बारीक जागाही हीच आणि गंज चढायला मोकळी जागाही हीच. त्यात शेजारी पितळेची तोटी. पितळ आणि पोलाद पाण्यात एकमेकांना टेकून राहिले की पोलाद लवकर झिजतं. उलटही होतं. काही पाण्यात स्वस्त पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे तांबूस, भुसभुशीत तांबं राहतं. वरून क्रोमियमची चकाकी असल्यामुळे कळत नाही. अशा तोटीची मान बिस्किटासारखी मोडते. मोडल्यावर तुकड्याचा रंग पाहा. पिवळाधमक असेल तर जोर जास्त झाला, गुलाबी-लाल असेल तर पितळच संपलं होतं.

उरलेलं काम आपण करतो. तोटीला भरलेली बादली टांगतो. पोरं तिच्यावर पाय देऊन उभी राहतात. आणि जुन्या टाईलवरच नवी टाईल बसवून घेतली असेल तर भिंतीतला एल्बो आत जातो, मग मिस्त्री मध्ये एक वाढीव तुकडा, एक्स्टेन्शन निपल, लावतो. तोटी भिंतीपासून लांब गेली की तिच्यावरचा प्रत्येक झटका त्या निपलच्या आट्यांवर येतो. हल्ली मोडणाऱ्या तुकड्यांत या वाढीव निपलचा वाटा मोठा आहे असं माझं निरीक्षण.

टेफलॉन टेपबद्दलही एक सांगतो. टेफलॉनचा शोध १९३८ साली अमेरिकेत लागला, आणि त्याचा मोठा गुण म्हणजे त्याला काही चिकटत नाही, ते गुळगुळीत असतं. पूर्वी सफेदा आणि सुताचा धागा लावून जोड द्यायचे तेव्हा हाताला कळायचं की आता घट्ट झालं. टेपमुळे आटा सरसर आत जातो, हाताला अडल्यासारखं वाटत नाही, म्हणून माणूस आणखी एक वेढा देतो, मग आणखी एक. नळाचे आटे निमुळते असतात, सोळाला एक या उताराने. जितकं आत घालाल तितकी बाहेरची वस्तू फाकते आणि आतली चेपते. सफेदा बरा असं मात्र मी म्हणणार नाही. पूर्वीच्या सफेद्यात शिसं असे, आणि पिण्याच्या पाण्याच्या जोडाला ते नकोच.

तर तुटलं. आता काय करायचं? पहिली गोष्ट म्हणजे पाणी. तोटी मोडली त्या क्षणी चावी बंद असेल तर ठीक, नाहीतर भिंतीतून धार सुटते. आणि इथेच जुन्या इमारतींची खरी अडचण आहे. गच्चीवरच्या टाकीखाली प्रत्येक उभ्या पाईपला एक गेट व्हॉल्व्ह असतो, पण तो दहा-दहा वर्षं कुणी फिरवलेला नसतो. तो फिरत नाही, किंवा त्याची दांडी नुसतीच गोल फिरते आणि आतली पट्टी खाली येतच नाही. म्हणून माझा आग्रह असा की घरातल्या कुठल्याही जुन्या नळाला पान्हा लावण्याआधी गच्चीवर जाऊन आपली चावी बंद होते का ते बघून यावं, खाली येऊन तोटी उघडी ठेवून पाणी खरंच थांबलं का ते पाहावं, आणि मगच काम सुरू करावं. वरच्या-खालच्या बिऱ्हाडांना सांगावं, बादल्या भरायला वेळ द्यावा. नळाला ठराविक वेळीच किंवा एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावांत पाणी येऊन गेल्यानंतर लगेच काम काढावं, म्हणजे हातात वेळ राहतो. गीझरची जोडणी असेल तर आधी त्याचं बटण बंद. आणि जवळ दहा-वीस रुपयांची एक डमी, म्हणजे आट्यांचं बूच, ठेवावी. काम अर्धवट राहिलं तरी तुकडा निघाल्यावर डमी लावून इमारतीचं पाणी सुरू करता येतं.

आता तुकडा. बहुतेक लोक इथे जोराचा विचार करतात. पट्टी कानशीचं टोक घालायचं, हातोडीनं ठोकायचं, पान्ह्यात धरून फिरवायचं. कधीकधी निघतोही. पण काय होतंय ते बघा. तुकडा एल्बोच्या आट्यांत अडकलाय कारण तो गंजून फुगलाय. त्याच्या आत पाचर ठोकली की तो आणखी फाकतो, म्हणजे आणखी घट्ट बसतो. बाजारात मिळणारे डाव्या आट्याचे निमुळते एक्स्ट्रॅक्टर, ज्यांना मिस्त्री इझी आऊट म्हणतात, त्यांचीही हीच गोची आहे. जाड बोल्टला ते उत्तम. पण दीड मिलिमीटरच्या नळीत ते तिला फाकवतात. त्यापेक्षा आतून फिरत्या दातानं धरणारा निपल एक्स्ट्रॅक्टर मिळाला तर तो बरा, कारण तो ठोकावा लागत नाही. शिवाय कानस कडक पोलादाची असते, ती वाकत नाही, एकदम तुटते, आणि तिची कपची डोळ्यात जाऊ शकते. चष्मा लावल्याशिवाय हे काम करू नये.

आणि जोराचा खरा धोका डोळ्यांना दिसत नाही. भिंतीतला एल्बो तिथे नुसता अडकलेला असतो, सिमेंटनं धरलेला. त्याचं दुसरं टोक खालून किंवा वरून येणाऱ्या पाईपला आट्यांनीच जोडलेलं असतं. आपण समोरचा तुकडा फिरवायला गेलो आणि तो सुटण्याऐवजी एल्बोच हलला, तर तो मागचा जोड भिंतीच्या आत पिळवटला जातो. आमच्या ओळखीच्या एका इमारतीत असंच झालं होतं. शॉवरचं निपल मोडलं, काम करणाऱ्यानं पान्ह्याच्या दांडीवर दोन फुटी पाईप चढवून जोर लावला, तुकडा निघाला, नवा शॉवर बसला, सगळे खूश. पंधरा दिवसांनी शेजारच्या घरातल्या झोपायच्या खोलीत भिंतीवर पिवळा डाग उमटला. तो वाढत गेला. कुणाच्या पाईपचं पाणी यावरून सोसायटीच्या दोन बैठका झाल्या, आणि शेवटी खणावं लागलं ते दोन्ही घरांतून. बाहेर आलेला तुकडा मात्र घरमालकानं कौतुकानं डबीत ठेवला होता.

म्हणून कारागीर मंडळी जे करतात ते उलट आहे. तुकडा फिरवायच्या आधी तो लहान करायचा. त्याला आतून उभी खाच पाडायची, म्हणजे कडं उघडं पडतं, आणि मग त्याची कड आत वळवायची. कड्याचा ताण गेला की ते आट्यांवरून आपोआप सुटतं, चिमट्यानंही फिरतं. पद्धत एवढीच. पण ती करून बघितल्याशिवाय तिच्यातली मेख कळत नाही.

आयटीआयमध्ये मी मुलांना हा सराव मुद्दाम देत असे. एल्बो व्हाईसमध्ये बांधायचा, त्यात निपल घट्ट बसवायचं, काठाशी अर्धं कापून मोडायचं, आणि म्हणायचं, काढा. अट एकच, एल्बोच्या आतल्या आट्याला ओरखडा दिसता कामा नये. अंगानं दणकट मुलं हमखास नापास व्हायची. एक बारकी पोर होती, बापाची सायकल दुरुस्तीची टपरी. तिनं पहिल्या दिवशी कुणाशी न बोलता दीड तास घेतला आणि निपलची तीन पाकळ्यांसारखी तुकडी माझ्या टेबलावर आणून ठेवली. पुढच्या आठवड्यात तिला पंचवीस मिनिटं लागली.

साधन लागतं ते लोखंड कापायच्या करवतीचं पातं, तेवढंच. चौकट नको, ती आत जाणारच नाही. पात्याच्या एका टोकाला चिंधी किंवा सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून मूठ करायची. इंचाला २४ दातांचं पातं घ्या. मोठ्या दातांचं पातं पातळ धातूत अडकतं. पातं साधारण अर्धा इंच रुंद असतं, पाईपच्या तुकड्यात ते जातं. पितळी तोटीच्या मानेचं भोक मात्र लहान असतं, तिथे छोट्या करवतीचं अरुंद पातं लागतं. पातं असं धरायचं की दात आपल्याकडे वळलेले असतील, म्हणजे ओढताना कापेल. ढकलताना कापणारं पातं वाकतं आणि मोडतं.

सुरू करण्याआधी दोरा बांधलेली एक चिंधी एल्बोच्या आतल्या बाजूला सरकवून ठेवा, म्हणजे कीस खाली पाईपमध्ये जाणार नाही. दोरा बाहेर लोंबकळत ठेवा, चिंधी आत विसरली तर पुढच्या आठवड्यात तीच शोधावी लागेल. तुकड्याच्या कडेला गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन-चार थेंब टाका आणि चहा प्या. जुने मिस्त्री रॉकेल टाकायचे. पिण्याच्या नळाला यातलं काहीही वापरलं तर ते थेंबभरच, आणि नंतर पाईप भरपूर धुऊन काढायचा. मग तुकड्याच्या कडेवर छोट्या हातोडीनं गोल फिरून हलके ठोके द्या. गंजाची पकड अशी हादऱ्यानं सुटायला लागते.

आता खाच. एल्बोच्या मागच्या भिंतीला पातं लागतं म्हणून हात जेमतेम इंचभर पुढे-मागे होतो. बारीक, कंटाळवाणं काम. शक्यतो खाच वरच्या बाजूला पाडा, खालच्या बाजूला पाणी साचलेलं असतं आणि काही दिसत नाही. आट्यांत शिरलेला तुकडा साधारण अर्धा इंच लांब असतो, त्याच्या पूर्ण लांबीला खाच सारखी खोल हवी. बहुतेकांची पुढे खोल आणि मागे उथळ होते, आणि मग मागचं कडं अखंड राहून सगळी मेहनत वाया जाते. विजेरी तोंडात धरून दर मिनिटाला बघा. पितळेचा तुकडा लोखंडी एल्बोत असेल तर सोपं, पिवळ्यात काळी रेघ दिसू लागली की थांबायचं. लोखंडात लोखंड असेल तर लक्ष लागतं. खाच पार होते ती आधी ठिपक्याठिपक्यांनी, कारण आट्याच्या खोबणीत धातू सगळ्यात पातळ असतो. तुटक तुटक काळे ठिपके दिसले की पातं बाजूला ठेवा. उरलेली जाडी छिन्नीनं तुटते, करवतीनं तोडायचा हट्ट नको.

हा हट्ट का नको तेही सांगतो. एल्बोच्या आट्यावर एखादा ओरखडा आला तर टेपचा एखादा वेढा जास्त देऊन भागतं. पण करवतीची रेघ सगळ्या आट्यांना आडवी छेदून गेली तर पाण्याला आट्याच्या चकरा मारायची गरजच उरत नाही. त्याला सरळ बोळ मिळतो. मग टेप लावा, धागा लावा, काहीही लावा, ते जोडातून झिरपत राहणार.

पहिल्या खाचेपासून बोटभर अंतरावर दुसरी खाच. मग बारीक छिन्नी किंवा जुना चपटा स्क्रू ड्रायव्हर दोन खाचांमधल्या पट्टीच्या काठाशी तिरका लावायचा आणि मधल्या पोकळीकडे हलके ठोकायचं. पट्टी आत वळते. ती चिमट्यानं ओढून काढली की उरलेलं कडं इंग्रजी 'सी'सारखं उघडं होतं, आणि त्याच्या दोन्ही कडा आत चेपल्या की ते सैल पडतं. लांब नाकाच्या पकडीनं आधी किंचित उजवीकडे, मग डावीकडे. उजवीकडे अशासाठी की गंजाची चिकटलेली कड आधी मोडावी.

मी हे काम सगळ्यात छान बघितलं ते एका साठीच्या मिस्त्रींकडून. तिसऱ्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात, त्यांच्या स्वयंपाकघरातली तोटी मोडली होती. मिस्त्री आले, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "आजी, पिण्याचं पाणी भरून घेतलंत का? मला घाई करायला लावू नका बरं." मग गच्चीवर जाऊन आले. नंतर पाऊण तास त्या घरात फक्त पात्याचा खर्र खर्र आवाज. मी दोनदा काहीतरी विचारायला गेलो तर म्हणाले, "सर, थांबा जरा, हाताला ऐकू येत नाही." पातं पार व्हायला आलं की त्याचा आवाज आणि हाताला लागणारी खरखर बदलते, त्याबद्दल ते बोलत होते. तुकडा निघाल्यावर त्यांनी पैसे सांगितले. आजींचा मुलगा पुण्याहून फोनवर होता, तो म्हणाला, एवढ्याशा तुकड्याचे एवढे? आजी म्हणाल्या, "अरे, भिंत फोडली असती तर तू न विचारता दिले असतेस." हे अगदी खरं आहे. फोडण्याचे, भरण्याचे, टाईलचे पैसे आपण मोजतो, कारण ते काम दिसतं. न फोडता काम करणाऱ्याशी मात्र घासाघीस करतो. मग घाईचा मिस्त्री कानस ठोकतो यात नवल काय?

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत घरांत प्लास्टिकचे पाईप आले, सीपीव्हीसीचे. ते गंजत नाहीत. पण तोटी बसते ती जागा तिथेही आट्यांचीच, प्लास्टिकच्या आत बसवलेलं पितळी कडं. तिथे जोर केला तर पितळी कडंच प्लास्टिकमध्ये फिरतं आणि मग भिंत फोडण्यावाचून इलाज नाही. सीपीव्हीसीला खनिज तेलं लावू नयेत, त्यांनी ते तडकू शकतं. म्हणजे गंजाचं तेल इथे बाद, आणि गॅसची ज्योत तर भिंतीजवळही नको. नव्या घरात हमखास मोडते ती पाईप तपासताना लावलेली प्लास्टिकची डमी. तिचं डोकं हातात येतं आणि आटे पितळेत राहतात. पण ही केस सोपी आहे. प्लास्टिकला छोट्या पात्यानं दोन खाचा पाच मिनिटांत पडतात आणि तुकडा आत मोडून येतो. काही जण चपटा स्क्रू ड्रायव्हर तापवून प्लास्टिकमध्ये रुतवतात, थंड होऊ देतात आणि फिरवतात. चालतं, पण खिडकी उघडी ठेवा, तो धूर छातीला वाईट, आणि ड्रायव्हर लालबुंद कधीही नको.

आता भिंत कधी फोडायची? कारण कधीकधी फोडावीच लागते, आणि ते वेळेवर ओळखणं हाही कसबाचाच भाग आहे. तुकड्यावर हलका जोर दिला आणि एल्बो हलल्यासारखा वाटला, तर तिथेच हात थांबवा. भिंतीला आधीपासून ओल असेल, तर आतला जोड आधीच गेलाय, तुकडा काढून उपयोग नाही. आणि तुकडा निघाला पण त्याच्याबरोबर एल्बोच्या आट्यांचे पापुद्रे निघून आले, तर त्या एल्बोवर नवी तोटी बसवणं म्हणजे चार महिन्यांनी पुन्हा हेच. अशा वेळी एकच टाईल काढावी, सांध्यातला सिमेंट आधी खरवडून आणि टाईलच्या मधोमध फोडून, म्हणजे शेजारची तडकत नाही. भिंतीतून विजेची नळी जाते का ते बघून मगच छिन्नी लावावी. नवं घर घेतलं असेल किंवा टाईल नव्या करत असाल तर दहा-बारा टाईल माळ्यावर टाकून ठेवा. तेवढ्याच जागेत तुम्ही रिकामे डबे ठेवताच.

समजा आटे शाबूत निघाले. तर चिंधी ओढून काढा, भोकाखाली बादली धरा आणि कुणाला तरी गच्चीवरची चावी दोन सेकंद उघडायला सांगा. कीस, गंज, सगळं धुऊन येईल. हे टाळलं तर तो कीस नव्या तोटीच्या रबराखाली जाऊन बसतो आणि नवी कोरी तोटी पहिल्या दिवसापासून गळते, मग आपण कंपनीला शिव्या देतो. एल्बोचे आटे तारेच्या छोट्या ब्रशनं साफ करा. आधी टेप न लावता नवी तोटी नुसत्या हातानं आत घालून बघा. दोन-तीन वेढे ती हातानं जायला हवी. वाकडी जात असेल तर काढा, पुन्हा सरळ धरून लावा. मग टेप, तोटी ज्या दिशेनं फिरणार त्याच दिशेनं, ताणून गुंडाळलेली. शेवटचा वेढा पान्ह्यानं, पण पान्ह्याची दांडी टोकाला न धरता मध्ये धरून. तोटीचं तोंड नेमकं खाली यायला हवं असतं, आणि ते थोडं पुढे गेलं तर मागे फिरवून आणायचा मोह होतो. तसं करू नका, मागे फिरवलेला निमुळता आटा गळतो. ती काढून टेपचा एक वेढा वाढवा आणि नव्यानं लावा.

पाणी सुरू केल्यावर लगेच जोडावरची झाकायची गोल वाटी बसवू नका. जोड फडक्यानं कोरडा पुसा, त्याच्याभोवती टिपकागद नाहीतर वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळा आणि रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी पट्टी चुरचुरीत कोरडी लागली तर वाटी भिंतीला टेकवून बसवा. ओली लागली तर चावी बंद करा, तोटी काढा आणि विजेरी लावून एल्बोचे आटे पुन्हा एकदा बघा.